केसपेपरवर दर वेळी तेच: ‘नखाला इजा’

कुत्र्याची नखं ठिसूळ होऊन तडकत असतील, तर डॉक्टरांनी चारही पंजे पाहिल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. आमच्या ठमीचे चारही पंजे एकदम तपासले जायला जो उशीर झाला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळापासून टोकापर्यंत उभं चिरलं होतं. वरचा कडक भाग टरफलासारखा सुटून लोंबत होता आणि आत गुलाबी, ओला, नुसता श्वास लागला तरी दुखेल असा जिवंत भाग उघडा पडला होता. डॉक्टरांनी भूल देऊन सुटलेलं नख काढलं, ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या. जखम छान भरली. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. असं लोंबणारं नख घरी ओढून काढायला जाऊ नका, हे मात्र लगेच सांगते. त्या भागात रक्तवाहिनीही असते आणि मज्जातंतूही.

मग मागच्या पायाचं नख गेलं. मग पुढच्या डाव्या पायाचं. दवाखान्यात दर वेळी ड्यूटीवर वेगळे डॉक्टर. मी ठमीला टेबलावर ठेवायची, दुखरा पाय पुढे धरायची, डॉक्टर तेवढाच पाय बघायचे आणि लिहायचे, ‘नखाला इजा, ड्रेसिंग’. मी म्हणायची, ‘‘डॉक्टर, मागे दुसऱ्या पायाचंही असंच झालं होतं.’’ उत्तर ठरलेलं: ‘‘खेळकर आहे ना ती, अडकलं असेल कुठेतरी. आज कुठलं दुखतंय ते दाखवा.’’ आधीचे कागद माझ्या हातातल्या फाईलमध्येच होते. ते मागून घ्यावेत असं कुणालाच वाटलं नाही. प्रत्येक नख म्हणजे नवी केस, नवा कागद, नवं ड्रेसिंग. एकदा तर काउंटरवरच सांगितलं गेलं, ‘‘नखं वेळेवर कापत जा, म्हणजे तुटणार नाहीत.’’ ठमीची नखं मी नियमित कापते. वाढलेलं नख जमिनीवर दाबलं जातं, अडकतं आणि चिरतं, हे खरंच आहे. पण तिची आखूड नखंसुद्धा चिरत होती, आणि तेच कुणी ऐकून घेत नव्हतं.

मी एवढी चिडले ते उगाच नाही. एकच नख गेलं असेल तर मार लागलेला असतो, जंतुसंसर्ग असतो किंवा, विशेषतः वयस्क कुत्र्यात, बोटात गाठही असू शकते. एकच बोट सुजलेलं राहत असेल, जखम भरतच नसेल, तर एक्स-रे काढून घ्यायलाच हवा. पण कुत्रं एरवी ठणठणीत असताना काही आठवड्यांत, महिन्यांत वेगवेगळ्या पंजांची नखं एकामागोमाग तडकू लागली, सुटू लागली, तर संशय शरीराच्या प्रतिकारशक्तीवर जातो. ती स्वतःच्याच नखाच्या मुळावर उलटलेली असू शकते. या आजाराला सिमेट्रिकल ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी म्हणतात. दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या, उपचार वेगळे. कागदावर दर वेळी एकच नख दिसत असेल, तर हा फरक कळणार कसा?

शेवटी मी एका कोऱ्या कागदावर चार पंजे काढले. ठमीची 18 नखं, म्हणजे प्रत्येक पंजाची चार आणि पुढच्या पायांची ती वरची, जमिनीला न टेकणारी दोन. चिरलेल्या, सुटलेल्या आणि वेड्यावाकड्या परत आलेल्या नखांवर वेगवेगळ्या खुणा केल्या, शेजारी तारखा घातल्या. प्रत्येक पंजाचा भर उजेडात फोटो काढला. तो कागद मी डॉक्टरांच्या समोर टेबलावर ठेवला आणि सांगितलं, ‘‘आज एक नख दाखवायला आलेली नाही.’’ त्या दिवशीच्या डॉक्टर बाईंनी कागद नीट वाचला, ठमीचा एकेक पंजा उचलला, बोटं फाकवून नखांची मुळं पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘हे मार लागल्याचं नाही.’’ मला तिथेच रडू आलं.

तिथून पुढे सगळं सरळ झालं. जंतू आणि बुरशी तपासायला नमुने गेले. बुरशीच्या कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला, 2 ते 3 आठवडे लागू शकतात, तेव्हा रोज फोन करून उपयोग नाही. नमुना घ्यायच्या आधी घरचं कुठलंही मलम लावू नका. बायोप्सीबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण तिच्या नेहमीच्या पद्धतीत बोटाचं शेवटचं हाड काढावं लागतं. डॉक्टरांचं म्हणणं, बाकीची कारणं बाजूला पडली आणि चित्र इतकं स्पष्ट असलं, तर थेट उपचार सुरू करता येतात. ओमेगा-3, व्हिटॅमिन ई, आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबरोबर नायसिनमाइड (बी-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असं सुरू झालं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे आमचा डोस इथे लिहीत नाही. माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. काही गोड गोळ्यांमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर नाहीच नाही.

औषधांचा गुण आला की नाही हे ठरवायला किमान 3 ते 4 महिने द्यावे लागतात. चिरलेलं नख सांधत नाही. मुळातून नवं येतं आणि जुनं पुढे सरकत जातं. म्हणून टोक बघत बसू नका, मूळ बघा. ठमीच्या मुळाशी पहिल्यांदा गुळगुळीत, भरीव काळी कड दिसली, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. दोन नखं आजही आखूड आणि वाकडी आहेत. ती तशीच राहतील असं दिसतंय, पण दुखत नाहीत.

ठिसूळ नखांना कटर शक्यतो नकोच. बोथट पात्याने नख कापलं जात नाही, चेमटतं आणि तिथूनच उभी चीर जाते. मी नखं घासून कमी करायचा ग्राइंडर वापरते. एका जागी क्षणभरच टेकवायचा, नाहीतर नख तापतं. बोटांमधले लांब केस आधी मागे धरायचे. कापावंच लागलं तर अगदी पातळ चकत्या. काळ्या नखात कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून काही मिनिटं धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. आणि कुत्रं एकच पंजा सारखं चाटत असेल, तर नख तुटायची वाट पाहू नका, त्याच दिवशी बाकीचे तीन पंजेही उजेडात धरून बघा.