मिठागर आणि अणुभट्टीचे सांडपाणी

वसईकडच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या माणसाला बाष्पीभवन वेगळे शिकवावे लागत नाही. खाडीचे पाणी वाफ्यांत घेतले की पाणी उडते आणि मीठ मागे राहते. अणुवीज केंद्रातील किरणोत्सारी सांडपाणीही याच रीतीने आटवतात, मात्र तेथे मागे उरणाऱ्या ‘मिठाची’ पुढे कित्येक दशके राखण करावी लागते.

सिझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थांचे क्षार पाण्याबरोबर उडत नाहीत, तेव्हा वाफ निर्मळच असायला हवी. ती तशी नसते, कारण फुटणाऱ्या बुडबुड्यांतून सूक्ष्म तुषार उडतात आणि वाफेबरोबर वर जातात. ते अडवण्यासाठी वरच्या भागात तारेच्या जाळीचे थर बसवतात. संयंत्र नीट चालले, तर वाफ थंड करून मिळालेल्या पाण्यातील किरणोत्सार मूळच्या सुमारे दहा हजाराव्या भागापर्यंत खाली येतो. मात्र कर्मचाऱ्यांचे कपडे धुतलेले साबणाचे पाणी त्यात आले, की फेस चढून जाळीपर्यंत पोचतो आणि एवढी सगळी योजना साबणापुढे हात टेकते. तळाचा दाट द्राव वाटेल तितका आटवताही येत नाही, कारण क्षार नळ्यांवर खपलीसारखे बसतात. तो पुढे सिमेंटमध्ये कालवून पिंपांत घट्ट करतात. सिझियम-१३७चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे आहे आणि आटवल्याने त्यात एका दिवसाचाही फरक पडत नाही, म्हणून या क्रियेला ‘शुद्धीकरण’ म्हणणे मला खटकते.

उकळत्या १००० लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ६२५ युनिट विजेइतकी उष्णता लागते. राजस्थानात चंबळेकाठच्या रावतभाटा येथे, कडक ऊन आणि कोरडी हवा असल्याने, कमी पातळीचे सांडपाणी आटवायला सूर्याचीच मदत घेतली गेली. तारापूरच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे जमणारे नाही. तेव्हा आमची मिठागरेसुद्धा बंद असतात.

रावतभाट्याच्या भट्ट्या जड पाण्यावर चालतात आणि त्या पाण्यातील ड्युटेरियमने, म्हणजे जड हायड्रोजनने, न्यूट्रॉन शोषला की किरणोत्सारी ट्रिटियम तयार होते. ट्रिटियम हा हायड्रोजनच असल्याने ते पाण्यात विरघळलेले नसते, पाण्याच्या रेणूचाच भाग झालेले असते. त्याला कोणती जाळी अडवणार? उन्हात पाणी उडाले की तेही उडते, आणि त्याचा हिशेब केंद्राच्या हवेतील उत्सर्जनात धरावा लागतो.