आजोबांचा पुष्कराज आणि आजीचा टोपाझ

आजीच्या कपाटात दोन अंगठ्या, एक आजोबांची नि एक तिची, दोन्हीत पिवळे खडे आणि दोन्हीची कोंदणं ढिली झालेली. गेल्या आठवड्यात पुण्यातल्या सोन्या मारुती चौकाजवळच्या एका सोनाराकडे टाकल्या, त्याने खडे काढून कागदाच्या पुडीत बांधून दिले, म्हणाला अंगठ्या तयार झाल्या की घेऊन या. आता सुटे खडे हातात आल्यावर मी थोडाच गप्प बसतोय.

आजीच्या मते आजोबांचा तो पुष्कराज आणि तिचा तो टोपाझ. तिच्या पिवळ्या पडलेल्या पावतीवरही टोपाझच लिहिलंय. इथे आधीच घोळ आहे, कारण डिक्शनरीत पुष्कराज म्हणजे टोपाझ असं सापडतं, आणि लक्ष्मी रोडवर पुष्कराज मागितला तर पिवळा नीलम दाखवतात, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे त्याच कुरुंदाचा पिवळा प्रकार. टोपाझ हे खनिजच वेगळं. दिसायला पिवळे दोघंही, म्हणून मी रंगाच्या भानगडीत न पडता घनता काढायची ठरवली.

पद्धत सोपी आहे. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा, खडा शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. काटा जे दाखवेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, त्याने खड्याच्या वजनाला भागलं की झालं. पहिल्यांदा उत्तर भलतंच आलं, बघतो तर खड्याच्या खालच्या टोकाला हवेचा एक बारीक बुडबुडा चिकटलेला. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला.

आजोबांचा खडा १.०४ ग्रॅम, पाण्यात ०.२६, म्हणजे बरोब्बर ४. कुरुंदाची घनता साधारण ४ असते, पास! आजीचा खडा १.६२ ग्रॅम, पाण्यात ०.६१. भागाकार २.६६. मी तीनदा केलं. टोपाझ ३.५ च्या आसपास यायला हवा, २.६५ ही क्वार्ट्झची घनता, म्हणजे आजीचा खडा सुनेला, पिवळं क्वार्ट्झ, निघाला. (बाजारातला बराचसा सुनेला म्हणजे भट्टीत तापवून पिवळा केलेला जांभळा अ‍ॅमेथिस्ट असतो, ते आजीला सांगितलं नाही.)

मग कळलं की पाण्यात सोडल्यावर आजीच्या खड्याचे पैलू एवढे पुसट का झाले होते आणि आजोबांचा तिथेही लखलखीत का होता. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, १.३३, सुनेल्याचा १.५५, पुष्कराजचा १.७६, पाण्याच्या जितकं जवळ तितकं पाण्यात हरवायला होतं.

भिंगातून तर फारच फरक. पुष्कराजच्या पैलूंच्या कडा अजून धारदार आहेत आणि सुनेल्याच्या गोलसर झाल्यात, वर बारीक ओरखड्यांची जाळी. कठीणपणाच्या मोह्स स्केलवर पुष्कराज ९, टोपाझ ८, सुनेला ७. आणि आपल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतातच, तेही ७, म्हणजे आजी पदराने अंगठी पुसायची तेव्हा खडा धुळीने घासत होती. ७ आणि ९ ऐकायला जवळ वाटतात पण ते नुसते नंबर आहेत, कोण कोणावर चरा पाडतो एवढंच सांगणारे, प्रत्यक्षात कुरुंद क्वार्ट्झपेक्षा कितीतरी पट कठीण. आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट नावाचं निळं खनिज बघितलंय? वेड लागेल असा रंग, पण कठीणपणा ३-४, अंगठीत महिनाभर टिकायचा नाही.

टोपाझचं दुखणं वेगळंच, ८ असूनही एका दिशेने सरळ दुभंगतो, नेमका ठोका बसला की संपलं.

हां, ४ आलं म्हणजे आजोबांचा खडा खाणीतलाच असं मात्र नाही. व्हर्नाय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ज्वाळेत कुरुंद बनवायची पद्धत जाहीर केली, त्या खड्याची घनता आणि कठीणपणा अगदी तोच. ते लॅबवालाच सांगेल.

आजीला फक्त एवढंच सांगितलं की तुझा खडा वजनाच्या मानाने मोठा दिसतो कारण त्याची घनता कमी आहे, तेवढ्याच कॅरेटचा पुष्कराज बराच छोटा दिसतो, आणि महाग तो छोटाच. ती चष्मा काढून थोडा वेळ पुडीकडे बघत बसली.

"तरीच. मला मोठा दिला, आणि स्वतःला छोटा ठेवला ह्यांनी."