तो इथे राहत होता, याचा पुरावा

४ जून २०२०. कंबोडियातल्या नॉम पेन्हमध्ये राहत्या इमारतीसमोर वांचालेर्म सत्साक्सित बहिणीशी फोनवर बोलत होता. तेवढ्यात काही जणांनी त्याला काळ्या गाडीत कोंबलं. फोन चालूच होता. ‘श्वास घेता येत नाहीये’ हे त्याचे शब्द तिने ऐकले. २०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंड सोडलेला हा कार्यकर्ता अजूनही सापडलेला नाही.

कंबोडियाच्या अधिकाऱ्यांनी आधी कानांवर हात ठेवले. पुढे तर तो त्या काळात देशात राहत होता याला पुरावाच नाही, असं म्हटलं. माणसं सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत हा नकार गुन्ह्याचाच भाग आहे: माणूस उचलायचा आणि मग तो आपल्याकडे असल्याचं नाकारायचं किंवा त्याचा ठावठिकाणा दडवायचा.

परागंदा माणसाच्या बाबतीत हा नकार फार सोपा जातो. पासपोर्ट वाढवायला दूतावासात जाणं म्हणजे आपण होऊन तावडीत सापडणं. पासपोर्ट संपला की व्हिसा अडतो, आणि खोली बहुधा दुसऱ्याच्या नावावर असते. म्हणून भाड्याच्या पावत्या, पैसे आल्याच्या चिठ्ठ्या, तारखेसह फोटो यांच्या प्रती दुसऱ्या देशातल्या विश्वासू माणसाकडे आधीच हव्यात.

घटना घडली की पहिली धाव सीसीटीव्हीकडे. जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं. पडद्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पुरेसा नाही, मूळ फाइलच घ्या. शेवटच्या कॉलची नोंद जपा. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्याच. पोच मिळाली नाही, तर कोणत्या ठाण्यात, किती वाजता नकार मिळाला ते लिहून ठेवा.

कंबोडियाने करार स्वीकारलेला असल्यामुळे कलम ३०खाली संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तातडीची मागणी करता येते. त्यासाठी शक्य असेल तिथे आधी स्थानिक यंत्रणेकडे गेलेलं असावं लागतं. लाओसने नुसती सही केली आहे, तेव्हा तिथल्या प्रकरणासाठी संयुक्त राष्ट्रांचाच, बेपत्ता माणसांसाठीचा १९८०पासूनचा कार्यगट. त्याची तातडीची प्रक्रिया घटनेपासून तीन महिन्यांच्या आतल्या प्रकरणांसाठी असते. घाबरून एकच अर्ज दोन्हीकडे पाठवू नका, समितीकडचा त्यामुळे अडू शकतो.

आणखी एक काम कुटुंबाला फार जड जातं, पण लवकर करावं: रक्ताच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने देणं. डिसेंबर २०१८मध्ये लाओसमधून थाई कार्यकर्ते सुराचाय दान्वत्थनानुसोर्न आणि त्यांचे दोन सहकारी नाहीसे झाले. महिनाअखेरीस मेकाँगच्या थायलंडकडच्या काठाला दोन मृतदेह लागले, पोटात काँक्रीट भरलेले. ते त्या दोन सहकाऱ्यांचे होते, हे जानेवारीत डीएनएवरूनच ठरलं. सुराचाय यांचा पत्ता अजून नाही.