गांडुळाचा साज

जानेवारीत ईरी सरोवराचा पश्चिम भाग गोठला की ओहायोतल्या गळाने मासे गरवणाऱ्यांचे दोन पंथ पडतात. एक बर्फाला भोक पाडून त्याशेजारी स्टूल मांडून बसतो, दुसरा घरात उन्हाळ्याची तयारी करतो. मी दुसऱ्या पंथातला. वेंगुर्ल्यात वाढलेल्या माणसाने पाण्यावरून चालत जाऊन मासे पकडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

तयारी म्हणजे वर्म हार्नेस बांधणं. साधारण पाच-सहा फूट तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, खालच्या टोकाला एकामागे एक दोन गळ, त्यांच्यावर पाच-सहा रंगीत मणी, मण्यांवर पत्र्याचं फिरतं पातं आणि शेवटी मुख्य दोरीला अडकवायला स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी. गळांना लांबलचक गांडूळ लावायचं, शिशाच्या वजनाने ते तळाजवळ न्यायचं आणि होडी ताशी मैल-दीड मैल वेगाने हाकत मागून ओढायचं. पातं भिरभिरतं, पाण्यात थरथर उठते आणि वॉलाय मासा चौकशीला येतो. असे हार्नेस दुकानात तयार मिळतात, चांगलेही असतात. घरी केले की पैसे वाचतात असं सांगणारे भेटतील. त्यांना फक्त मण्यांचा डबा उघडून दाखवायला सांगावं.

पहिल्यांदा मागचा गळ बांधायचा. इथली गाठ नेहमीची नव्हे. तंगूस गळाच्या दांडीवरच सात-आठ वेढे गुंडाळून, थुंकी लावून आवळायचा. कोरडाच ओढला तर घासून तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. आमच्या आजोबांच्या गळांना भोकच नव्हतं. दांडीचं टोक ठोकून चपटं केलेलं असायचं आणि दोरा असाच दांडीला गुंडाळलेला असायचा. गळाला भोक आलं तेव्हा ही गाठ खरं म्हणजे निवृत्त व्हायची. पण तिचे दोन गुण कुठल्याच नव्या गाठीत एकत्र नाहीत. ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते, आणि तंगूस न कापता त्यावरच तीन-चार इंच वर दुसरा गळ बसवता येतो. ओहायोतल्या स्वयंपाकघरात बसून मी आजोबांचीच गाठ मारतो. त्यांनी मात्र मधले मणी बघून काय म्हटलं असतं, याचा विचार मी टाळतो.

कारण पुढचं काम सरळसरळ पटवेकऱ्याचं आहे. चष्मा नाकावर, दिवा जवळ, आणि मणी ओवायचे. मण्यांना काम आहे, नाही असं नाही. पातं गळांपासून लांब राहावं म्हणून ते मध्ये लागतात, आणि पात्याला लागून असलेला मणी गोल, गुळगुळीत हवा, कारण पात्याची कडी त्याच्यावर टेकून फिरते. पण एवढ्या कामाला एकाच रंगाचे मणी पुरले असते. लाल, मग पारदर्शक हिरवा, मग पुन्हा लाल, हा हिशेब कोणासाठी?

पात्याचं तसं नाही. तिथे आकाराला अर्थ आहे. कोलोराडो पातं जवळजवळ गोल असतं. ते दोरीपासून लांब फाकून फिरतं, पाण्याला दणके देतं आणि अगदी हळू ओढलं तरी फिरतं. विलो पातं विलोच्या पानासारखं निमुळतं, अंग चोरून फिरतं, त्याला वेग लागतो. इंडियाना या दोघांच्या मधलं. पाणी गढूळ असेल तर मी डोळे मिटून कोलोराडो लावतो. पात्याची खोलगट बाजू मण्यांकडे हवी. उलटं बसलं तर ते नीट फिरत नाही, आणि हे कळायला होडीपर्यंत जावं लागत नाही, बादलीभर पाणी पुरतं.

रंगांची नावं ऐकण्यासारखी आहेत. फायरटायगर, अँटिफ्रीझ, आणि एका पावाच्या वेष्टनावरच्या ठिपक्यांवरून पडलेलं वंडरब्रेड. वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात फार छान दिसतं. रंगांच्या बाबतीत मात्र तो जरा गरीब. शास्त्रज्ञांना त्याच्या डोळ्यात दोनच तऱ्हेच्या रंगपेशी सापडल्या, एक हिरव्यासाठी, दुसरी नारिंगी-तांबड्यासाठी. म्हणजे जांभळं पातं त्याला बहुधा नुसतं काळपट दिसत असणार. माझ्या शेजाऱ्याचा भरवसा जांभळ्यावरच आहे. होडी त्याची आणि हार्नेस माझे, असा आमचा करार आहे. मी त्याला रंगपेशींचं सांगितलं, तर म्हणाला, माशांनी ते वाचलेलं नाही. आता दर हिवाळ्यात मी जांभळी पाती निमूटपणे बांधतो, आणि त्यांच्याखाली हिरवे मणी माझ्या समाधानासाठी घालतो.

एवढी सजावट करून शेवटी वॉलाय खातो ते गांडूळच. इथल्या बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, मिळणारी नाइटक्रॉलर ही मोठी गांडुळं बरीचशी कॅनडातल्या ऑन्टॅरिओतून येतात. तिथे ओल्या रात्री डोक्याला दिवे बांधून, शेतात वाकून माणसं ती हाताने वेचतात. या सगळ्या उद्योगात खरे कष्ट कोणाचे असतील तर त्यांचे. गांडूळ लावताना ते ताणलेलं, सरळ राहिलं पाहिजे. पुढचा गळ तोंडाशी, मागचा साधारण मध्यावर. गोळा झालं की तेही पात्याबरोबर फिरायला लागतं आणि दोरीला पीळ बसतो. मग मणी कितीही सुंदर असोत.

हार्नेसचा मोसम म्हणजे जून ते ऑगस्ट, त्यामुळे आमच्याकडे त्यात श्रावण येतो. बायको श्रावण पाळते. मी पाळत नाही, पण फ्रिज एकच आहे. त्यात दह्याच्या खालच्या कप्प्यात गांडुळांचा डबा असतो, आणि त्यावर तिच्या अक्षरात ‘हे जेवण नाही’ अशी चिठ्ठी. आई गेल्या उन्हाळ्यात आली होती. रवा लावून, कुरकुरीत तळून तिला वॉलाय वाढला. तिने शांतपणे दोन तुकड्या खाल्ल्या आणि म्हणाली, “मासो बरो आसा, पण ह्येच्यात समुद्र खंय?” याला उत्तर नाही. कुठल्याच रंगाच्या मण्यात नाही.

उरलेल्या गांडुळांवरून घरात थोडा वाद आहे. ती बागेत सोडू नयेत, कारण हिमयुगाने पुसून टाकल्यावर या उत्तरेकडच्या जंगलांत स्वतःची गांडुळं उरलीच नव्हती. ही युरोपातून आलेली जात पाचोळ्याचा थर फस्त करते आणि जंगलाची जमीनच बदलून टाकते. बायको म्हणते, कढीपत्त्याच्या कुंडीत टाका. पण या जातीला उभं बीळ लागतं, चार-सहा फूट खोलसुद्धा, आणि आमची कुंडी फूटभर. मग चिठ्ठीसकट डबा पुन्हा दह्याखाली जातो, पुढच्या शनिवारपर्यंत.