आईची गोळी

आज मालवणात औषधाच्या दुकानात अर्धा तास उभी होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'कॅल्शियम ५००' लिहिलेलं, आणि समोर सात-आठ डबे.

डब्यावर मोठ्या अक्षरात १२५० मिग्रॅ बघून मी घाबरलेच. दुकानातल्या पोराने समजावलं, ते कॅल्शियम कार्बोनेट या अख्ख्या क्षाराचं वजन. त्यात कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मिग्रॅच. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात साधारण २१ टक्के, म्हणून गोळ्या जास्त लागतात आणि खिसाही जास्त हलका होतो. पण कार्बोनेट जेवणासोबतच घ्यावं लागतं, पोटातलं आम्ल हवं त्याला. आणि आमची आई आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी रोज घेणारी! डॉक्टरांना फोन लावला. सायट्रेट ठरलं.

फोनवरच दुसरी गोष्ट कळली. आई थायरॉईडची गोळी आणि घरातलं जुनं कॅल्शियम सकाळी एकाच घोटात घ्यायची. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषलीच जात नाही. इतके महिने कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

घरी आल्यावर आईचा प्रश्न, "ह्यो खडू कित्याक? मी नाचण्याची भाकरी खातंय मां!" खरं आहे, नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी चालूच राहणार. मोतियाळे मासे काट्यांसकट चावून खाणंही.

पण सकाळची थायरॉईडची गोळी आता एकटीच. कॅल्शियम दुपारी, जेवल्यावर. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलीय.