मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: पॅसिफिकवरची संकष्टी

शेजारच्या सीटवर सांगलीच्या काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. डिंकाचे लाडू सामानात गेले होते आणि हातातल्या पिशवीत गूळ-खोबऱ्याची डबी. त्या दिवशी संकष्टी होती.

विमान दुपारी अडीचला सुटलं. समोरच्या नकाशावर ते पूर्वेकडे निघालेलं पाहून काकूंनी विचारलं, "अगं, अमेरिका पश्चिमेला ना?" पृथ्वीच्या गोलावर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला सर्वांत जवळची रेघ ओढली, तर ती लडाख, सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्कावरून जाते. अंतर सुमारे 13,500 किलोमीटर. पण विमानं त्या रेघेला बांधलेली नसतात. आमचं जपानकडून पॅसिफिकवर गेलं, कारण तिथे उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे पाठीशी मिळतात. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं थेट विमानही ऑक्टोबर 2016 मध्ये अटलांटिक सोडून याच बाजूने जाऊ लागलं. अंतर वाढून 15,300 किलोमीटरच्या आसपास गेलं, वेळ मात्र वाचला. म्हणून तिकिटांच्या साइटवरचा अंतराचा आकडा मला आता फारसा पटत नाही.

काकूंना किलोमीटरशी देणंघेणं नव्हतं. चंद्र कधी उगवणार, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही सूर्याकडे पाठ करून पळत होतो, त्यामुळे घड्याळात पाचही वाजले नसताना बाहेर अंधार पडला. जेवणं उरकली आणि खिडक्या बंद करायची सूचना आली. लांबच्या बऱ्याच विमानांतली ही सक्ती मला अन्यायाची वाटते. खिडकीचे पैसे भरायचे आणि बाहेर बघायचं नाही! मी हवाईसुंदरीला संकष्टीचं सांगितलं. ती म्हणाली, "उघडा. कोणी काही बोललं तर मी आहे."

सातच्या सुमारास उजवीकडे, पंखाच्या पुढे, तांबूस चंद्र वर आला. खाली ढगांचा सपाट थर होता. काकूंनी काचेला बोटं टेकवून नमस्कार केला, डबी उघडली, नैवेद्य दाखवला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. दुसरा त्या हवाईसुंदरीला. इतक्या आपुलकीचं जेवण मला विमानात कधी मिळालं नव्हतं.

मग झोप, पहाट, चहा, कंटाळा. सोळा तासांनी उतरलो तेव्हा तिथे त्याच तारखेची संध्याकाळ होती, पाच वाजलेले. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की असं होतं. इमिग्रेशनची रांग अंगावर येईल एवढी मोठी, आणि काकूंचे गुडघे दुखत होते. वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, संकोच करू नका.

रांगेतच लेकीचा फोन आला. इथे आज संकष्टीच आहे, चंद्र रात्री दिसेल, असं ती सांगत असावी. काकू ठामपणे म्हणाल्या, "माझा उपास सुटला. तू भात लाव."