‘मिल्स नॉर्मल’

साखर कारखान्यातल्या सकाळच्या मीटिंगला मिल हाऊसचा, म्हणजे ऊस पिळणाऱ्या विभागाचा, रिपोर्ट दोन शब्दांचा होता: ‘मिल्स नॉर्मल’. जानेवारीचे दिवस, हंगाम ऐन भरात, रोजचं गाळप साडेतीन हजार टनांच्या पुढं. शेजारच्या कारखान्याशी चुरस लागलेली. कार्यकारी संचालकांनी बजावून ठेवलं होतं, पंधरवडाभर गव्हाण, म्हणजे मिलकडं ऊस नेणारा पट्टा, थांबता कामा नये. आमच्या भागात गाळपाची चुरस निवडणुकीसारखीच खेळतात.

मी त्या सहकारी कारखान्यात असिस्टंट इंजिनिअर होतो. चीफ इंजिनिअर त्याच वर्षी आलेले. बोलायला कमी, फिरायला जास्त. संध्याकाळच्या राउंडला ते तिसऱ्या मिलपाशी थबकले. टॉप रोलरच्या बेअरिंगवर ओलं बारदान टाकलं होतं, त्यावर रबरी नळीनं पाणी सोडलेलं, आणि बारदानातून वाफा निघत होत्या.

“नॉर्मल मिलला बारदान कशाला?”

“काही नाही साहेब, आपलं सेफ्टी म्हणून,” फोरमन म्हणाले.

चीफनी रात्रपाळीच्या ऑइलमनला, तात्यांना, कॉलनीतून बोलावून घेतलं. फोरमनना ते आवडलं नाही. तो काय सांगणार, असा त्यांचा चेहरा. तात्या आले ते आधी फोरमनकडंच बघत उभे राहिले.

“तात्या, माझ्याकडं बघून सांगा. काय झालं?”

“रात्री दोनपासनं बेअरिंग हात ठेवू देत नाही, साहेब. आवाज पण बदललाय. मी फिटरला म्हणलं, आज मिल थांबवा, नायतर जर्नल खाईल.”

जर्नल म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग. मग हळूहळू उलगडा झाला. फिटरनं फोरमनना सांगितलं होतं, ‘बेअरिंग गरम लागतंय.’ फोरमननी लॉगबुकात लिहिलं, ‘तापमान किंचित जास्त, लक्ष ठेवावे.’ मीटिंगच्या कागदावर तेवढंही उरलं नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं वरच्याचा चेहरा डोळ्यांपुढं आणून आपल्या वाटणीचा एक शब्द मऊ केला होता.

पुढं कधीतरी चॅलेंजर यानाच्या अपघाताबद्दल वाचलं, तेव्हा मला हीच साखळी आठवली. 28 जानेवारी 1986 ला यान उडालं आणि सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की इतक्या थंडीत रबरी सील दगा देतील, 53 अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको. त्यांच्याच व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरवला. चौकशीत निघालं, की शेवटचा निर्णय घेणाऱ्या नासाच्या वरिष्ठांपर्यंत हा विरोध पोचलाच नव्हता. तिथं काय आणि आमच्या मिल हाऊसला काय, शब्द मऊ होण्याची रीत एकच.

चीफनी तिथंच मिल थांबवली. उघडल्यावर दिसलं, बेअरिंगचं गनमेटल ओढलं गेलं होतं आणि पाण्याची कूलिंग लाइन गाळानं चोकअप. जर्नलवर चरे नुकते उमटायला लागले होते.

पण मला त्या रात्रीतला यार्डाचा, म्हणजे उसाच्या गाड्या रांगेत थांबतात तिथला, भाग जास्त लक्षात राहिलाय. फिटर म्हणाले, सहा तास लागतील. यार्डात निरोप गेला, ‘दोन तासांत चालू होतंय.’ म्हणजे वाईट बातमी वर चढताना आकसते तशीच खाली उतरतानाही! हे दरवेळचंच होतं. गाडीवान बैल जुंपलेले ठेवून रात्रभर गाडीखाली उकिडवे बसायचे, कारण रांगेतला नंबर गेला तर? उसाचं वजन घटतं ते वेगळंच, आणि तोडणी टोळीची मजुरी टनावर.

चीफ शेती अधिकाऱ्यांना घेऊन स्वतः यार्डात गेले. “फिटर सहा तास म्हणतात, मी आठ धरतो. पहाटे पाचच्या आत गव्हाण हलणार नाही. नंबर लिहून घेतलेत, कुणाचा जाणार नाही. बैल सोडा, वाढं टाका, झोपा.” दोन मुकादमांनी यथेच्छ शिव्या घातल्या. त्या ऐकून घेऊन ते हलले नाहीत, हे मी बघितलं. बीडकडची एक बाई म्हणाली, “खरं सांगताव ना? मग लेकराला घेऊन कोपीवर जाते.” आणि गेली. शेती अधिकाऱ्यांनी गावोगावी ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयना फोन लावून सकाळची तोड उशिरा सुरू करायला सांगितलं, म्हणजे यार्डात आणखी ऊस वाळत पडू नये. मिल साडेचारला सुरू झाली.

नंतर चीफनी लॉगबुकात पट्टीनं एक रकाना आखून घेतला: ऑइलमन काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. फोरमन बरेच दिवस फुगून होते. रकान्यात ‘घर्रघर्र करतंय’, ‘वास येतोय’ असलं काहीबाही यायचं. निम्म्या वेळा त्यात काही नसायचं. चीफ तरी प्रत्येक नोंदीला जाऊन हात लावून बघायचे. मला ते कधीकधी अती वाटायचं.

महिन्याच्या रिपोर्टात ‘मेकॅनिकल स्टॉपेज’चे तास फुगलेले दिसले. संचालक मंडळात एकानं विचारलं, “बारदान टाकून पंधरवडा निघाला नसता का?” चीफ म्हणाले, “कदाचित निघालाही असता. पण शाफ्ट गेला असता तर हंगामच गेला असता.” त्या संचालकांना ते पटलं नाही. शेजारच्यांनी त्या वर्षी आम्हाला मागं टाकलं, आणि त्याचं खापर त्या आठ तासांवर फुटलं. अजूनही एखादे जुने सभासद भेटले की तोच हिशेब काढतात.